सातव्या पानावरची अक्षरं

मोजणी कार्यालयात तिला सगळे रेकॉर्डबाई म्हणत. जुने नकाशे, मोजणीवह्या, हद्दींच्या फायली असा तळघरातला सगळा पसारा तिच्या ताब्यात होता. कोणतीही फाईल मागा, चहा निवायच्या आत टेबलावर हजर, अशी तिची ख्याती. गणितात पदवी घेतलेली बाई कागदांची धूळ का झाडत बसते, असं कोणी विचारलंच तर ती म्हणे, "गणित धुळीखालीच तर असतं."

त्याच कार्यालयातून तिचे सासरे बारा वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. त्यांना अजूनही सगळे मोजणीमास्तर म्हणत. मास्तरांनी दगड जिथं रोवला तिथून तो कोणी हलवायचा नाही, असा त्यांच्या शब्दाला मान. त्यांच्या टिपणांच्या प्रती नव्या मोजणीदारांना नमुना म्हणून देत. त्यांचा एक नियम सगळ्यांना पाठ होता: आकडा टाकल्याशिवाय पुढची ओळ लिहू नये. अक्षरांत हिशेब करणारा मोजणीदार म्हणजे डोळे मिटून रस्ता ओलांडणारा माणूस, असं ते म्हणत.

म्हणूनच त्या मंगळवारी सातवं पान उघडल्यावर तिचा हात थांबला.

फाईल एकतीस वर्षांपूर्वीची होती. आता शहराबाहेरचा रस्ता रुंद होणार होता आणि कडेच्या जमिनी नेमक्या कुणाच्या हे ठरवायला ती बाहेर काढली होती. त्यात दोन शेजारी होते, पश्चिमेला सुतार आणि पूर्वेला रोपवाटिकावाले. दोघांमधल्या हद्दीचा दगड एका पुरात वाहून गेला होता. दोन्ही घरं कुऱ्हाडी घेऊन समोरासमोर उभी राहिल्यावर कार्यालयाने मास्तरांना पाठवलं होतं. मास्तरांनी अकरा पानी टिपण लिहून दगड कुठे होता ते सिद्ध केलं. नवा दगड बसला, मधली विहीर रोपवाटिकेच्या बाजूला गेली, प्रकरण मिटलं.

हरवलेला दगड शोधायला मास्तरांच्या हातात होती फक्त त्याहून जुनी एक मोजणीवही. दगड जागेवर होता तेव्हा कोण्या जुन्या मोजणीदाराने त्यावर दुर्बीण लावून तीन खुणा पाहिल्या होत्या: पाण्याची टाकी, गिरणीचं धुराडं आणि घड्याळाचा मनोरा. टाकी आणि धुराड्यामधला कोन अडतीस अंश, धुराडं आणि मनोऱ्यामधला सत्तेचाळीस. तीन खुणा जागेवर आहेत, दोन कोन वहीत आहेत, त्यावरून दगडाची जागा काढायची. हे काम मोजणीदार नेहमीच करतात.

टिपणाच्या पहिल्या सहा पानांवर ओळीओळीला आकडे होते. आठव्यापासून अकराव्यापर्यंतही होते. मधल्या सातव्या पानावर मात्र नुसती अक्षरं. क, ख, ग, द. एकाही अक्षराच्या जागी आकडा नाही.

तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. तिने कोरा कागद ओढला.

सातव्या पानावर मास्तरांनी एका समीकरणाच्या दोन्ही बाजूंना 'द' हा गुणक आणला होता. पुढे लिहिलं होतं, "दोन्ही बाजूंस द ने भागू." मग द नाहीसा झाला आणि दगडाची जागा हाती आली. द म्हणजे काय ते वरच्या ओळीत होतं: एकशे ऐंशीतून क, ख आणि ग वजा. तिने आकडे टाकले. क अडतीस, ख सत्तेचाळीस. ग म्हणजे धुराड्यापाशी टाकी आणि मनोरा यांच्यात होणारा कोन, तो तिसऱ्या पानावर मोजलेला होता, पंच्याण्णव. तिन्हींची बेरीज एकशे ऐंशी. द बरोबर शून्य.

तिने बेरीज पुन्हा केली. मग कागद उलटा करून तिसऱ्यांदा केली.

शून्य गुणिले पाच म्हणजे शून्य आणि शून्य गुणिले सात म्हणजेही शून्य. म्हणून कोणी दोन्हीकडचं शून्य खोडून पाच आणि सात सारखे म्हणू लागला तर शाळेतलं पोरही हसेल. पण शून्याला 'द' म्हणून धोतर नेसवलं की तो सभ्य गृहस्थ वाटतो आणि कुणी त्याला अडवत नाही.

मग तिने वर्तुळ काढलं आणि सगळं उघड झालं. टाकी, धुराडं, मनोरा आणि हरवलेला दगड हे चौघेही एकाच वर्तुळावर होते. एकाच कंसातले कोन सारखे, हे ती आठवीत शिकली होती. त्या कंसावर कुठंही उभं राहा, तिन्ही खुणा त्याच कोनांत दिसणार. म्हणजे त्या मोजणीवरून दगड विहिरीच्या अलीकडे होता असं म्हणता येतं, पलीकडे होता असंही म्हणता येतं, आणि त्या कंसावर शेतभर कुठेही होता असंही. उत्तर नव्हतंच. मास्तरांनी नसलेलं उत्तर सिद्ध केलं होतं.

चूक झाली असेल, ती स्वतःशी म्हणाली. माणूस आहे, चुकतो.

पण ते मनाला पटेना, कारण तिच्या लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात जेवणाच्या टेबलावर मास्तरांनी तिची परीक्षा घेतली होती. कागदाच्या पाकिटावर त्यांनी लिहिलं, "अ बरोबर ब. दोन्हीकडे अ ने गुण. दोन्हीकडून ब चा वर्ग वजा कर. अवयव पाड. अ अधिक ब, कंसात अ वजा ब. इकडे ब, कंसात अ वजा ब. कंस काप. काय राहिलं? अ अधिक ब बरोबर ब. म्हणजे दोन बरोबर एक! सूनबाई, या घरात दोन माणसं आली तरी एकच पोळी लाटायची." सगळे हसले होते. तिने कंसावर बोट ठेवून "बाबा, हा शून्य आहे" म्हटलं तेव्हा ते खूश झाले होते. "बरोबर. शून्य पदराआड लपवता आलं की जगात काहीही सिद्ध करता येतं," असं म्हणाले होते. ही गंमत ते येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला दाखवत. एवढं पाठ असलेला माणूस नेमका तिथेच, नेमक्या एका पानावर, आकडे टाकायला विसरतो?

कुठंतरी पाणी मुरत होतं.

आणि ते कुठं मुरतंय हे कळायला तिला लांब जावं लागलं नाही. मास्तरांची धाकटी बहीण, म्हणजे तिच्या नवऱ्याची आत्या, रोपवाटिकेतच दिलेली होती. दर महिन्याला कुंड्या, कलमं, चाफ्याची रोपं घेऊन येणारी, सगळ्यांवर आवाज चढवणारी आत्या. ज्या विहिरीचं पाणी त्या रोपांना मिळत होतं ती हीच विहीर.

घरी आल्यावर तिने जुन्या फोटोंचा डबा काढला. आत्याच्या लग्नाच्या फोटोमागे तारीख होती. निकालानंतर अकरा महिन्यांनी.

"काय शोधतेस?" नवऱ्याने विचारलं.

"तुझ्या आत्याचं लग्न कुणी जमवलं?"

"बाबांनीच असेल. का?"

तिने सांगितलं. नवरा ऐकत गेला तसा त्याचा चेहरा उतरत गेला. शेवटी म्हणाला, "साऱ्या शहरात तुला घरातच चोर सापडायचा होता का?"

"चोर म्हटलं का मी?"

"मग काय म्हणालीस?"

तिने फोटो डब्यात परत ठेवला. त्या दिवसापासून ती मास्तरांकडे चोरून पाहू लागली. सकाळी ते पेपर वाचत तेव्हा, चष्मा पुसत तेव्हा, कढीपत्त्याच्या कुंडीला पाणी घालत तेव्हा. माणूस तोच होता, पण आता त्यांच्या प्रत्येक हालचालीमागे तिला एक सातवं पान दिसे. 'रस्त्याचं काम कुठवर आलं गं?' असं त्यांनी सहज विचारलं तरी तिला वाटे, हे सहज विचारत नाहीत. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण संशय घेणाऱ्याच्या मनातही चांदणं कमी नसतं.

गुरुवारी तिने ती जुनी मोजणीवही शोधून काढली. कोनांचं पान टिपणाशी जुळत होतं. वही मिटणार एवढ्यात मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला शिसपेनीची एक फिकट ओळ दिसली. जुन्या मोजणीदाराने जाता जाता लिहून ठेवलेली. "विहीर दगडाच्या पश्चिमेस, तेवीस मीटर."

ती स्टुलावर बसली. विहीर दगडाच्या पश्चिमेला, म्हणजे दगड विहिरीच्या पूर्वेला, रोपवाटिकेच्या अंगाला. म्हणजे विहीर सुतारांची. कंस आणि ही एक ओळ एवढ्यावर दगडाची जागा पक्की ठरत होती. मास्तरांनी दगड रोवला होता तो विहिरीच्या पश्चिमेला, बरोबर उलट बाजूला.

अजून एक गोष्ट बघायची राहिली होती. रेकॉर्ड रूममधून कोण कुठली वही घेऊन गेलं याची नोंदवही दाराशीच असे. एकतीस वर्षांपूर्वीची नोंद सापडली, मास्तरांची सही होती. तिने पुढची पानं चाळली. चार वर्षांनंतर पुन्हा तीच वही आणि पुन्हा तीच सही. वही एक दिवस बाहेर होती. मिटलेल्या प्रकरणाची वही कोण कशाला पुन्हा मागेल?

रविवारी सकाळी नवरा बाजारात गेला. मास्तर खिडकीशी बसून पेन्सिलीला टोक करत होते. तिने सातव्या पानाची प्रत त्यांच्यापुढे ठेवली.

त्यांनी चष्मा लावला, मग काढला. "कुणी शोधून काढलं?"

'काय' असं त्यांनी विचारलं नाही, हे तिच्या लक्षात आलं.

"मी."

"मग बरोबर." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "तीस वर्षं हे टिपण नव्या पोरांना नमुना म्हणून देतायत. एकानंही त्या पानावर आकडे टाकून पाहिले नाहीत. मला वाटायचं, आज कुणीतरी येईल, उद्या येईल."

"बाबा, द शून्य आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

एवढ्या सरळ उत्तराची तिने तयारीच केली नव्हती. ती समोरच्या खुर्चीत बसली.

"दोन दिवस डोकं फोडलं मी त्या कोनांवर," ते म्हणाले. "मग वर्तुळ काढलं आणि कळलं की उत्तर नाहीच. साहेबांना जाऊन सांगितलं. साहेब म्हणाले, उत्तर नाही असं लिहून दिलंस तर उद्या तिथं मुडदा पडेल. काहीतरी उत्तर आण. सुताराच्या थोरल्याचा हात आधीच मोडला होता गं. मग मी शेतात जाऊन उभा राहिलो. झाडं पाहिली, पायवाट पाहिली, जमिनीचा उतार पाहिला. मला वाटलं दगड अलीकडे असावा. नुसतं वाटलं. पण 'मला वाटलं' असं लिहून कुऱ्हाडी खाली येत नाहीत. म्हणून सिद्ध केलं."

"शून्याने भागून."

"शून्याने भागून. सगळे आकडे टाकले असते तर त्या ओळीत शून्य उघडं पडलं असतं. म्हणून तेवढ्या पानावर अक्षरं."

"आणि आत्या?"

त्यांनी झटकन वर पाहिलं. या प्रश्नाची वाट मात्र ते पाहत नव्हते, किंवा फार दिवस पाहत होते.

"रोपवाटिकेतली माणसं निकालानंतर आभार मानायला घरी आली. तेव्हा धाकटीनं दार उघडलं. पुढचं तिनं आणि त्यांच्या मुलानं ठरवलं, मी नाही. मी तर नको म्हणत होतो. लोक काय म्हणतील, याची भीती मलाच सगळ्यात जास्त होती."

"चार वर्षांनी वही पुन्हा कशाला काढलीत?"

खाली रस्त्यावर कुणाची तरी सायकल पडली, दोन माणसं भांडली, शांत झाली.

"मनाला खात होतं," ते म्हणाले. "म्हटलं, एकदा पुन्हा पाहू. एखादा आकडा नजरेतून सुटला असेल. तेव्हा पुठ्ठ्याच्या आतली ओळ दिसली. तोवर धाकटीला मुलगा झाला होता. नवीन शंभर कलमं लावली होती त्यांनी. मी वही मिटली आणि परत देऊन आलो."

"पहिल्या वेळी ती ओळ दिसली नव्हती?"

"नाही."

"खरं?"

"खरं." मग ते थोडे हसले, पण ते हसू गमतीचं नव्हतं. "तू विश्वास ठेवू नकोस. तुझ्या जागी मी असतो तर मीही ठेवला नसता. एकदा ज्यानं शून्य लपवलं त्याच्या बाकीच्या ओळी कुणी का खऱ्या मानाव्यात?"

सोमवारी ती फाईल घेऊन साहेबांकडे गेली. आधी नातं सांगितलं, मग चूक सांगितली आणि हे प्रकरण दुसऱ्या कुणाकडे द्या म्हणाली. आताचे साहेब तरुण होते, सुट्टीवर जायच्या तयारीत होते. ते कपाळाला हात लावून म्हणाले, "बाई, एकतीस वर्षं झोपलेल्या दगडाला कशाला उठवता? तुम्हीच तुमच्या सासऱ्यांना बुडवताय."

"ते बाहेर बसलेत, साहेब. त्यांना जबाब द्यायचाय."

मास्तर आत आले. त्यांनी दोन पानी जबाब स्वतःच्या हाताने लिहून आणला होता. त्यात तेव्हाच्या साहेबांच्या दबावाचा उल्लेख एका ओळीत होता आणि पुठ्ठ्यातली ओळ दडपल्याचा पाऊण पानात. तरुण साहेबांनी तो वाचला, पुन्हा वाचला आणि सुट्टीचा अर्ज खणात टाकला.

घरातलं वादळ वेगळंच होतं. आत्या दुसऱ्या दिवशी हातात काही न घेता आली, आणि तेवढ्यावरूनच सगळ्यांना काय ते कळलं. ती दारातच उभी राहिली. "दादा, तीस वर्षं तुझ्या घरी मी ज्या पाण्याची रोपं आणली ते पाणी माझं नव्हतं, हे तुला सत्तावीस वर्षं माहीत होतं?"

"होतं."

"मग आधी का नाही बोललास? आणि बोलला नाहीस तर आता तरी कशाला बोललास?" ती सुनेकडे वळली. "आणि तू. पुठ्ठे उचकटून बघायची तुला कुणी बिदागी देतं का?"

रेकॉर्डबाईने मान खाली घातली नाही. आत्या गेली. त्यानंतर ती त्या घरी आली नाही. नवरा आठवडाभर बायकोशी कामापुरतं बोलला. आठव्या दिवशी म्हणाला, "मला राग तुझा नाही. कुणाचा तेच कळत नाही."

पाच महिन्यांनी फेरमोजणी झाली. आता मोजणीदारांकडे उपग्रहावर चालणारं यंत्र होतं. तिन्ही खुणांपैकी धुराडं पाडलेलं होतं, पण त्याचा पाया सापडला. कंस आखला, विहिरीपासून तेवीस मीटर मोजले आणि खड्डा खणला. हातभर खाली जुन्या दगडाखालचा चुन्याचा थर लागला, तुटका, पण चौकोनी. पुरानं दगड नेला होता, त्याचं बूड तिथंच होतं.

मास्तर काठी टेकत आले होते. कुणी बोलावलं नव्हतं. सुतार वारले होते. त्यांचा धाकटा मुलगा, आता स्वतःच पन्नाशीकडे झुकलेला सुतार, खड्ड्याच्या कडेला उभा होता. पलीकडे रोपवाटिकेच्या कुंपणाआड आत्याचा मुलगा हाताची घडी घालून पाहत होता.

धाकटा सुतार वाकला, चुन्याला हात लावला आणि म्हणाला, "आमचे बाबा शेवटपर्यंत म्हणायचे, दगड विहिरीच्या पलीकडे होता. त्याच्यावर बसून मी रंध्याचं पातं घासायचो, म्हणायचे. आम्ही म्हणायचो, बाबा, अकरा पानांचं गणित खोटं आणि तुमचं बूड खरं का? सगळे हसायचे त्यांना. मी पण हसायचो."

कुणी हसलं नाही. सुतार मास्तरांकडे वळला. "तुम्हालाही सांगितलं होतं ना त्यांनी? मोजायला आला होतात तेव्हा. मी होतो तिथं, पंधरा-सोळा वर्षांचा."

रेकॉर्डबाईने सासऱ्यांकडे पाहिलं. ही गोष्ट त्यांनी तिला सांगितली नव्हती. जबाबातही नव्हती.

"सांगितलं होतं," मास्तर म्हणाले. "पलीकडच्यांनीही सांगितलं होतं, दगड अलीकडे होता म्हणून. दोघांनीही शपथेवर. मी म्हटलं, तोंडी गोष्टी मोजणीत धरत नाहीत."

"आणि मग काय धरलंत?"

मास्तरांनी खड्ड्यातल्या चुन्याकडे पाहिलं. मग ते एवढंच म्हणाले, "तुमचे वडील बरोबर होते. हे मी त्यांना सांगायला हवं होतं. ते असताना."

सुताराने खणणाऱ्या माणसांना ओरडून दगड आणायला सांगितलं. माफ केलं असंही म्हणाला नाही आणि नाही असंही नाही. विहिरीचं पाणी मात्र नवा नळ येईपर्यंत दोन्हीकडे जाईल, असं त्याने आत्याच्या मुलाला कुंपणापाशी जाऊन सांगितलं. त्या दोघांचं काय बोलणं झालं ते इकडे ऐकू आलं नाही.

परतीच्या वाटेवर बसमध्ये सासरे आणि सून शेजारी बसले. तिच्या मनात प्रश्न होताच: पहिल्या वेळी वही उघडली तेव्हा तुम्ही खरंच मागचा पुठ्ठा पाहिला नव्हता का? पण तो तिने एकदा विचारला होता. त्याचं उत्तर तेच आलं असतं, आणि त्या उत्तराने काही सिद्ध झालं नसतं. ते खिडकीबाहेर बघत राहिले. उतरताना तिने हात पुढे केला आणि त्यांनी तो धरला.

त्यानंतरही मास्तर घरात काहीबाही मोजत राहिले. कपाट दारातून जाईल का, पडद्याला कापड किती लागेल, नव्या फळीचा कोपरा काटकोनात आहे का. कागदावर मांडून ते तिच्यापुढे ठेवत, ओळीओळीला आकडे टाकून. ती पेन्सिल घेई आणि पहिल्या ओळीपासून सगळं स्वतः करून पाही. एकही ओळ सोडत नसे. ते समोर बसून राहत, आणि तिचं होईपर्यंत उठत नसत.